हलती माणसं काढायला गेलं की कागदावर ताठच का उभी राहतात?

पाटीपेन्सिल
सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, चित्र गणपतीच्या मिरवणुकीचं आहे. सोलापूरच्या पार्क चौकातून येणारं लेझीम पथक, पुढं पाच-सहा गडी, मागं गर्दी. इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राला चालतील अशा आकृत्या जमतात, म्हणजे माणूस माणसासारखा दिसतो. पण लेझीम खेळणारा गडी खेळत नाही, कुणीतरी हातपाय वाकवून उभा केलेला बाहुला वाटतो.

आतापर्यंतची पद्धत अशी: आठ डोक्यांचं माप आखायचं, काड्यांचा माणूस करायचा, सांध्यांवर गोल द्यायचे, त्यावर अंग चढवायचं. चुका मला दिसतात त्या तीन. वाकलेला माणूस पुढं पडेल असं वाटतं. वर उचललेला हात खांद्याला चिकटवल्यासारखा दिसतो. आणि पाचही गडी एकाच साच्यातून काढल्यासारखे होतात.

सुरुवात कुठून करावी? हाडं-स्नायू आधी शिकावेत की झपाट्यानं रेखाटनं करत सुटावं? रोज किती, कुठल्या कागदावर, किती वेळ? नेमकं सांगा.

कोळशाची_कांडी
सोमवार, रात्री १०:०२

चूक तुमच्या क्रमात आहे. आधी माप, मग काड्या, मग अंग असं गेलं की हालचाल सगळ्यात शेवटी येते, आणि तोवर तिला जागाच उरलेली नसते. क्रम उलटा करा.

पहिली रेघ हातापायाची काढायची नाही. डोक्याच्या टाळूपासून, मानेतून, पाठीतून, ज्या पायावर भार आहे त्याच्या टाचेपर्यंत एकच लांब रेघ. ती धनुष्यासारखी एकाच बाजूला वाकलेली असेल किंवा नागमोडी असेल. सरळ असेल तर हालचाल नाही, किंवा सगळा जोर एका दिशेनं ताणलेला आहे. ही रेघ एका दमात, खांद्यातून हात फिरवून काढायची. मनगटातून काढली की ती तुकड्यातुकड्यांची आणि केसाळ होते.

दुसरी गोष्ट छाती आणि ओटीपोट. छातीचा पिंजरा म्हणजे अंडं, ओटीपोट म्हणजे थोडी चेपलेली पेटी. दोन्ही आकार स्वतः वाकत नाहीत, वाकतो तो मधला मऊ भाग. ताठ आकृतीत हे दोन्ही एकमेकांवर समांतर रचलेले असतात. हालत्या माणसात एक इकडं कललेलं, दुसरं तिकडं. जिकडं ते जवळ येतात तिकडं कातडीला चुणी पडते, दुसरीकडं अंग ताणलं जातं. चुणीच्या बाजूला एक तुटक रेघ आणि ताणाच्या बाजूला एक लांब मोकळी रेघ, एवढ्यावरही माणूस वाकलेला दिसतो.

हातपाय यानंतर. तोवर फक्त डोकं, अंडं, पेटी आणि भाराचा पाय. तीस सेकंदांत एवढंच झालं तरी पुष्कळ.

आपल्या मूर्तिकलेत याला सुंदर शब्द आहेत. पंढरीचा विठोबा समचरण: दोन्ही पायांवर सारखा भार, हात कमरेवर, अंग सरळ. तो समभंग. बासरी वाजवणारा कृष्ण त्रिभंग: मान, कंबर, गुडघा तीन ठिकाणी वळलेला. नाचणारी किंवा युद्ध करणारी मूर्ती अतिभंग. तुमचे गडी अतिभंगात हवेत, आणि तुम्ही प्रत्येकाची सुरुवात समभंगातून करताय.

खोडरबर_नको
सोमवार, रात्री १०:१५

वाचतोय. धाग्याला खूण करून ठेवली.

हाडाचा_अभ्यास
सोमवार, रात्री १०:४८

कोळशाची कांडी यांचा क्रम मान्य, पण नुसत्या झपाट्यानं तीन चुकांतली दुसरी कधीच सुटणार नाही. उचललेला हात चिकटवल्यासारखा दिसतो, कारण खांदा जागचा हलत नाही असं धरलेलं असतं.

हात बाजूनं उचलून पार डोक्यावर नेला की तो १८० अंश फिरतो. त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश पाठीवरचा फरा, म्हणजे ते त्रिकोणी हाड, फिरल्यामुळे मिळतात. फऱ्याबरोबर हासळीचं, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतच्या आडव्या हाडाचं, बाहेरचं टोकही वर चढतं. म्हणून हात वर असताना खांद्याचं टोक कानाकडं सरकलेलं, हासळी तिरकी आणि खांद्यावरचा स्नायू गोळा झालेला दिसला पाहिजे. काखेतून बरगड्यांकडं जाणारी पाठीच्या रुंद स्नायूची कडा ताणून बाहेर येते. एवढं ठाऊक नसेल तर शंभर रेखाटनांत तीच चूक शंभरदा होईल.

आणखी तीन-चार गोष्टी ज्या नुसतं बघून सहज सापडत नाहीत:

पायाचा आतला घोटा बाहेरच्या घोट्यापेक्षा उंचावर असतो. पोटरीचं उलटं. तिचा बाहेरचा फुगा वर, आतला खाली. या दोन तिरक्या रेषा चुकल्या की पाय खांबासारखा होतो.

तळहात खाली वळवला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवरून जातात. सरळ असताना हात कोपराखाली रुंद चपटा दिसतो, वळल्यावर मधे बारीक. कोपर त्याच जागी राहून मनगट तेवढं फिरवलेलं काढलं तर ते स्क्रूसारखं दिसतं.

आणि ‘कंबर पिळली’ असं आपण म्हणतो, पण कमरेचे पाच मणके पुढं-मागं चांगले वाकतात, पीळ मात्र थोडाच घेतात. बराचसा पीळ वरच्या, बरगड्यांच्या बारा मणक्यांतून येतो, आणि त्यावर मानेचा. म्हणून पीळ कमरेतच गच्च आवळून काढला की पिळलेल्या टॉवेलसारखं दिसतं. तो नाभीपासून मानेपर्यंत वाटून द्या.

मार्केटयार्ड
मंगळवार, सकाळी ७:३०

पहिल्या चुकीवर कुणी बोललंच नाही. वाकलेला माणूस पुढं पडतो, ते का?

गळ्याखाली दोन हासळ्यांच्या मधे जो खड्डा आहे तिथून एक ओळंबा सोडा. उभा माणूस एका पायावर असेल तर ओळंबा त्या पावलावर येतो, दोन्हीवर असेल तर दोन पावलांच्या मधे. पण हे उभ्या माणसापुरतं खरं. माणूस कमरेतून वाकला की गळा पुढं जातो आणि त्याच वेळी कुल्ले मागं जातात. गुडघे जागेवर ठेवून नुसतं धड पुढं वाकवलंत की भार पावलांच्या पुढं गेला, माणूस तोंडावर. भिंतीला टाचा आणि कुल्ले टेकवून पायाची बोटं धरायचा प्रयत्न करा, लगेच तोल जातो, कारण कुल्ल्यांना मागं जायला जागा नाही.

आता भार घेतलेली माणसं बघा. आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला सकाळी जा. हमालाच्या पाठीवर पन्नास किलोची गोणी असते तेव्हा माणूस आणि गोणी मिळून एक शरीर झालेलं असतं. त्या जोडवजनाचा मध्य पावलांवर यावा म्हणून धड पुढं झुकतं, मान पुढं निघते, गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत आणि पावलं आखूड, पटापट पडतात. गोणी हलकी असेल तर झुकाव कमी. म्हणजे वजन किती आहे ते गोणीच्या आकारावरून नाही, धडाच्या कोनावरून कळतं. चित्रात गोणी पुसली तर माणूस पडला पाहिजे. पडत नसेल तर गोणी कापसाची आहे.

याच्या बरोबर उलट सिद्धेश्वराच्या यात्रेत. संक्रांतीला नंदीध्वज पेलून चालणारा मानकरी बघा. भार पोटाच्या पुढं, म्हणून धड मागं कलतं, ओटीपोट पुढं येतं, टाचा घट्ट रोवतात, आणि नजर काठीच्या शेंड्याकडं म्हणून हनुवटी वर. सात नंदीध्वज एकामागून एक जातात, तेव्हा मागं कलायचं नेमकं प्रमाण प्रत्येकाच्या अंगात वेगळं दिसतं. हमाल आणि नंदीध्वजवाला ही जोडी पन्नास वेळा काढा, भार समजेल.

साडेसात_डोकी
मंगळवार, दुपारी १:२०

मापाबद्दल. आठ डोकी हा आदर्श देह झाला. रस्त्यावरचा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांचा भरतो. वर्षाचं मूल चार डोक्यांचं. मिरवणुकीत सगळेच आठ डोक्यांचे काढले तर सगळे नायक होतात आणि पुढचा शाळकरी पोरगाही ठेंगू पैलवान दिसतो.

शिवाय ही मापं फक्त सरळ उभ्या माणसाला लागू. वाकल्यावर डोक्यांचे थर मोजता येत नाहीत. तिथं हाडांची तुलना कामाला येते. हात सोडला की कोपर कमरेच्या खोलगटीपाशी, मनगट मांडीच्या सांध्यापाशी, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर. उकिडवा बसलेला माणूस असो की उडी मारणारा, मांडीचं हाड नडगीपेक्षा थोडं लांबच राहतं.

शिल्पशास्त्रातल्या नवताल मापात एक ताल १२ अंगुळांचा आणि पूर्ण देह १०८ अंगुळांचा: चेहरा १२, गळा ४, गळ्यापासून हृदय १२, हृदय ते नाभी १२, तिथून खाली १२, मांडी २४, गुडघा ४, नडगी २४, पाऊल ४. मग आपल्याकडं देह नऊ डोक्यांचा धरायचे की काय?

कोळशाची_कांडी
मंगळवार, दुपारी २:०५

@साडेसात_डोकी, नाही. ताल म्हणजे डोकं नव्हे, चेहरा: केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत. टाळूचा भाग त्याच्या वर. म्हणून नऊ ताल म्हणजे नऊ डोकी असा हिशेब होत नाही. ती मापं चुकीची नाहीत, मोजायची कांडी वेगळी. त्यातली गंमत बघा. मांडी २४, नडगी २४, आणि गुडघ्याला स्वतःचे ४ अंगुळं. आपण गुडघा नुसता बिंदू म्हणून काढतो. त्याला जागा दिली की वाकलेला पाय एकदम सुधारतो, कारण वाकल्यावर वाटी पुढं चौकोनी ठोकळ्यासारखी दिसते आणि मागं पोटरी मांडीला दाबली जाते.

@हाडाचा_अभ्यास, खांद्याबद्दलचं सगळं मान्य. माझं म्हणणं एवढंच की स्नायूंची नावं पाठ करून मग रेखाटायला बसायचं नाही. पाच खुणा पुरे आहेत सुरुवातीला: गळ्याचा खड्डा, मानेमागचं टेंगूळ, कमरेची पुढची दोन हाडं, कमरेच्या मागच्या दोन खळ्या, गुडघ्याच्या वाट्या. माणूस लठ्ठ असो की काटकुळा, या जागा हाडाच्या आहेत, त्या सापडतात. कमरेच्या दोन हाडांना जोडणारी रेघ आणि खांद्यांना जोडणारी रेघ एकमेकींकडं कलली की उभा माणूससुद्धा जिवंत होतो. भाराच्या पायाकडचा खुबा वर, त्याच बाजूचा खांदा खाली.

हाडाचा_अभ्यास
मंगळवार, दुपारी २:३०

पाच खुणांत कोपर घाला म्हणजे माझी तक्रार नाही. कोपराची तीन टेंगळं हात सरळ असताना एका रेषेत असतात, वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. हात कुठून दिसतोय ते तिथं कळतं.

अक्कलकोट_रोड
मंगळवार, सायंकाळी ६:४०

रोज किती वेळ, कुठला कागद, त्याचं उत्तर कुणी दिलं नाही की. नवीन माणसाला तेच आधी लागतंय.

कोळशाची_कांडी
मंगळवार, रात्री ८:१५

बरोबर. पाऊण तासाची एक बैठक अशी:

तीस सेकंदांच्या दहा आकृत्या, फक्त लांब रेघ, डोकं, अंडं, पेटी. एक मिनिटाच्या दहा, त्यात हातापायांची दिशा. दोन मिनिटांच्या पाच, त्यात चुणी आणि ताण. पाच मिनिटांच्या दोन, त्यात हाडांच्या खुणा आणि घनता. शेवटी दहा मिनिटांची एक. मिळून ४५ मिनिटं आणि २८ आकृत्या. आठवड्यात पाच दिवस केलं की १४० होतात.

चुकतं ते असं. तीस सेकंदांत पूर्ण माणूस बारीक करून काढायचा प्रयत्न होतो. तसं करू नका, आकृती वीतभर तरी उंच ठेवा आणि अर्धवट सोडून द्या. दुसरं म्हणजे वेळ संपल्यावर ‘जरा नीट करू’ म्हणून परत हात लावणं. घड्याळ वाजलं की पुढची. तिसरं, चेहऱ्यापासून सुरुवात. नाकडोळे काढायचेच नाहीत, चेहऱ्याची दिशा दाखवायला दोन आडव्या-उभ्या रेघा पुरे.

कागद चांगला घेऊ नका. महागाचा कागद समोर असला की हात आवळतो. पाठकोरे कागद, किंवा छापखान्यातल्या रिळाचा उरलेला न्यूजप्रिंट मिळाला तर उत्तम. तो लवकर पिवळा पडतो, पण ही रेखाटनं ठेवण्यासाठी नाहीतच. कोळशाची कांडी किंवा ६बी पेन्सिल, लिहिताना धरतो तशी नाही, तळहाताखाली आडवी धरून. गुळगुळीत कागदावर कोळसा धरत नाही, घसरतो. खरखरीत बाजू बघून घ्या. फळी मांडीवर आडवी ठेवली तर वरचा भाग लांबट होतो, म्हणून ती तिरकी, नजरेच्या काटकोनात.

शाळेची_घंटा
मंगळवार, रात्री ८:४०

पाटी-पेन्सिल वापरून बघा, धागाकर्त्यांचं नावच ते आहे! पहिल्या दहा तीस सेकंदांच्या आकृत्या पाटीवर काढून पुसायच्या. पुसलं जाणार हे आधीच ठाऊक असलं की मुलांची रेघ धीट होते. बाकी अठरा कागदावर, तारीख घालून, म्हणजे महिन्यानं मागं बघता येतं.

तालीम_कट्टा
मंगळवार, रात्री ९:५५

कुस्ती काढणाऱ्यांसाठी. दोन पैलवान वेगवेगळे काढून जोडले की ते कुस्ती खेळत नाहीत, मिठी मारतात. दोघांची मिळून एकच बाह्यरेषा आधी काढायची, चार पायांचा एक प्राणी समजून. मग आतली विभागणी.

एकेरी पट घ्या. पट काढणाऱ्याचं डोकं समोरच्याच्या बरगडीला टेकलेलं, दोन्ही हातांचा विळखा एका पायाला, मागचा पाय मातीत रेटलेला. त्याची लांब रेघ मागच्या टाचेपासून डोक्यापर्यंत जवळजवळ सरळ, कारण तो ढकलतोय. समोरच्याचा एकच पाय जमिनीवर, म्हणून त्याची रेघ धनुष्यासारखी, आणि तो आपला भार पट काढणाऱ्याच्या पाठीवर टाकतोय. सरळ रेघ आणि वाकडी रेघ जिथं भिडतात तिथं चित्राचा जोर. तिथंच गडद करा, बाकी हलकं सोडा.

धोबीपछाड अवघड, कारण वरचा माणूस हवेत आहे आणि त्याला स्वतःचा आधार नाही. ओळंबा दोघांचा मिळून सोडायचा आणि तो खालच्याच्या पावलांमधे आणायचा. क्षण निवडताना आपटलेला निवडू नका. वरच्याचे पाय सगळ्यात उंच गेलेत आणि खाली यायचे आहेत, तो घ्या.

जोडी फिरवणाराही बघा. मुदगल, म्हणजे व्यायामाचा जड लाकडी सोटा, पाठीमागून फिरतं तेव्हा कोपर कानाच्या वर, फरा बाहेर आलेला, आणि तोल राखायला दुसऱ्या बाजूचा खुबा सरकलेला. वर हाडाचा अभ्यास यांनी फऱ्याचं सांगितलंय ते इथं उघडं दिसतं, कारण अंगावर लंगोटाशिवाय काही नसतं.

वाखरीचं_रिंगण
बुधवार, सकाळी ९:१०

थोडं विषयांतर. क्षण निवडण्यावरून आठवलं, रिंगणातला धावता घोडा काढताना पुढचे पाय पुढं आणि मागचे पाय मागं फाकवून हवेत तरंगता काढतात. मायब्रिजनं १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली आणि त्यात उलटं दिसलं. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. फाकलेले असतात तेव्हा एखादा पाय जमिनीला टेकलेला असतो.

माणसाच्या धावण्यातही तसंच. पताका घेऊन धावणारा वारकरी काढताना दोन्ही पाय पसरलेला क्षण सगळे घेतात. त्याऐवजी मागच्या पायानं जमीन सोडायच्या ऐन क्षणाचा विचार करा: टाच वर, फक्त चवडा टेकलेला, पुढचा गुडघा उंच, धड पुढं कललेलं, आणि ओळंबा पावलाच्या पुढं पडलेला. मार्केटयार्ड यांचा नियम इथं मुद्दाम मोडतो. पळणारा माणूस सतत पडत असतो आणि पुढचा पाय त्याला सावरतो. हात पायाच्या उलटे: उजवा पाय पुढं तर डावा हात पुढं. मात्र पताका एका हातात असल्यानं तो हात मोकळा हलत नाही, म्हणून दुसरा हात आणि खांदे जास्त फिरतात.

खोडरबर_नको
बुधवार, सकाळी ९:२५

घोड्यांचा विषय आणि पंढरपूर म्हटल्यावर चित्रकार एम. एफ. हुसेन आलेच. जन्म १९१५, पंढरपूरचा. त्यांच्या घोड्यांत मान आणि छाती बघा, पायांत तपशील फार थोडा, तरी जनावर उसळतं.

नऊवारी
बुधवार, दुपारी १२:३०

कपड्यांचं कुणी बोललं नाही आणि मिरवणुकीत उघडं अंग कुणाचंच नसतं!

चुण्या मनानं काढू नका. प्रत्येक चुणी कुठून तरी सुटते: खांदा, कोपर, गुडघा, कमरेची गाठ. ताणाच्या दोन जागा सापडल्या की चुणी त्यांच्या मधे सरळ जाते. एकच जागा असेल तर पंख्यासारखी पसरते. वाकलेल्या सांध्याच्या आतल्या बाजूला कापड नागमोडी घड्यांत साठतं, बाहेरच्या बाजूला अंगाला चिकटून गुळगुळीत होतं. म्हणजे वर सांगितलेलं चुणी आणि ताण, तेच कापडात दुसऱ्यांदा. सरावासाठी घरातला टेरी टॉवेल खुंटीला एका टोकानं लटकवा, मग दोन टोकांनी. त्याचं जाड कापड मोठ्या गोल घड्या करतं, म्हणून ते सोपं. नंतर पातळ सुती कापड.

नऊवारी नेसून लेझीम खेळणाऱ्या बाईचा काष्टा दोन्ही पाय वेगळे दाखवतो, म्हणून हालचाल लपत नाही. ओचा आणि पदर मागं राहतात. हे ‘मागं राहणं’ फार उपयोगाचं आहे. फेट्याचा शेमला, पदराचं टोक, गळ्यातला गमछा हे अंगाच्या एक क्षण उशिरा हलतात. डोकं डावीकडून उजवीकडं फिरलं असेल तर शेमला अजून डावीकडंच असतो. म्हणजे गडी कुठून आला ते तो सांगतो. डोकं आणि शेमला एकाच दिशेला काढले तर वारा सुटल्यासारखं दिसतं.

नवी_पेठ
बुधवार, दुपारी ३:१५

मोबाईलवर फोटो काढून त्यावरून काढलं तर चालतं का? मिरवणुकीत उभं राहून रेखाटायला जागाच मिळत नाही, धक्के लागतात.

हाडाचा_अभ्यास
बुधवार, दुपारी ४:००

चालतं, पण दोन अडचणी. मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो. हातभर अंतरावरून काढला की पुढं आलेला हात भोपळ्याएवढा आणि पाय काड्यांसारखे. तीन-चार मीटर मागं सरका आणि दुप्पट झूम करा. दुसरं, फोटो कुठलाही क्षण पकडतो, अधलामधलासुद्धा. त्यापेक्षा संथ गतीचा व्हिडिओ घ्या, आणि हालचालीची दोन टोकं शोधा: जोर साठवलेला क्षण आणि जोर सुटलेला क्षण. मधली चौकट सहसा मेलेली असते.

फोटो आडवा-उभा गिरवू नका. वीस सेकंद बघा, बंद करा, आठवून काढा, मग परत उघडून ताडून बघा. इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राचा सराव इथं कामाला येतो.

पुढं आलेल्या हातापायांचं आणखी एक. आपल्याकडं रोखलेली मांडी लांबीनं जवळजवळ दिसत नाही, तरी मन म्हणतं ‘मांडी लांब असते’, आणि हात ती लांब काढतो. अशा वेळी अवयव विसरून गोल नळकांडी समजा. नळकांडीचं पुढचं तोंड जास्त गोल दिसतं तेवढी ती आपल्याकडं रोखलेली. आणि पुढचा आकार मागच्याला झाकतो, तिथं रेघ स्पष्ट तोडा: गुडघा मांडीवर, मांडी पोटावर. शंका आली तर पेन्सिल हात ताठ करून, एक डोळा मिटून धरा आणि गुडघ्यापासून खुब्यापर्यंतचं अंतर डोक्याच्या उंचीशी ताडा. कधी ते अर्ध्या डोक्याएवढं निघतं. विश्वास बसत नाही, तरी तेच काढायचं.

पाटीपेन्सिल
गुरुवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस पाटीवर नुसती लांब रेघ, अंडं, पेटी चाललंय. हमाल आता पडत नाही. पण मूळ प्रश्नाकडं येतो. हे सगळं एकाच लेझीमवाल्यात कसं बसवायचं? पवित्रा हा: उजवा पाय पुढं वाकवलेला, डावा मागं लांब, धड खाली झुकून उजव्या गुडघ्याकडं वळलेलं, लेझीम उघडलेली, तोंड वर. इथं पाच जणांचे पाच सल्ले एकदम डोक्यात येतात आणि हात थांबतो. आणि लेझीम धरलेल्या मुठी तर अजूनही बटाट्यासारख्या होतायत.

कोळशाची_कांडी
गुरुवार, रात्री १०:१०

हा पवित्रा छान निवडलाय, कारण त्यात सगळं आहे. ओळीनं चला.

जमिनीची रेघ मारा, तिच्यावर दोन्ही पावलांच्या जागा ठरवा. पावलं आधी, हे महत्त्वाचं. उजवं पाऊल पूर्ण टेकलेलं, डाव्याचा फक्त चवडा. भार बहुतेक उजव्यावर, म्हणून गळ्याखालचा ओळंबा उजव्या पावलाजवळ आतल्या बाजूला पडेल.

मग डाव्या टाचेपासून मांडीतून, पाठीतून टाळूपर्यंत एक धनुष्य. तोंड वर असल्यामुळे ते मानेशी उलटं वळतं, म्हणून शेवटचा तुकडा नागमोडी होईल.

आता पेटी. उजवा पाय पुढं गेल्यानं ओटीपोटाची उजवी बाजू पुढं ओढली गेली, म्हणजे पेटीचं तोंड थोडं डावीकडं. छाती मात्र उजव्या गुडघ्याकडं वळलीय, म्हणजे अंड्याचं तोंड उजवीकडं. दोन तोंडं उलट दिशांना, हाच या पवित्र्याचा प्राण. बाहुला वाटत होता तो इथं, दोन्ही एकाच दिशेला असल्यामुळे. चुणी उजव्या बाजूला बरगडी आणि खुबा यांच्या मधे, ताण डाव्या काखेपासून डाव्या खुब्यापर्यंत. ती डावी रेघ चित्रातली सगळ्यात लांब आणि मोकळी.

उजवा गुडघा पायाच्या बोटांच्या साधारण वर ठेवा, फार पुढं गेला की गडी घसरेल. डोकं: हनुवटी गळ्यापासून लांब, मानेमागं वळी.

हात शेवटी. लेझीम उघडली की दोन्ही फरे पाठीत एकमेकांजवळ येतात, छाती रुंद होते. मिटली की फरे लांब जातात, पाठ गोल होते. तुमची उघडलेली आहे, म्हणून कोपरं किंचित मागं.

पाच गडी एकसारखे होऊ नयेत म्हणून पाच वेगळे पवित्रे शोधू नका. लेझमीत सगळे एकच पवित्रा करत असतात. फरक वेळेचा. पुढचा म्होरक्या अर्धा ठोका पुढं, त्याची लेझीम मिटायला लागलेली. शेवटचा उशिरा, त्याची अजून उघडतेय. एकजण वयस्क, कमी वाकलेला. आणि नजरेची पातळी ठरवा. सपाट रस्त्यावर तुम्ही उभे राहून बघताय तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेवरच येतात, जवळचा असो की लांबचा, आणि वाकलेले गडी त्या रेषेच्या खाली. गॅलरीतून बघत असाल तर क्षितिज सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. ही रेघ आधी मारली तर मागची गर्दी एका झटक्यात बसते.

तालीम_कट्टा
गुरुवार, रात्री १०:३५

मुठीचं मी सांगतो. बोटं आधी काढून त्यात दांडा खुपसायचा नाही. दांडा आधी काढा, आरपार, हात नसल्यासारखा. मग त्यावर मुठीचा ठोकळा. पहिल्या पेरांची एक चपटी बाजू, मधल्या पेरांची दुसरी, अंगठा समोरून येऊन बोटांवर बसलेला. पेरांची ओळ सरळ नाही, कमानीसारखी, मधलं बोट सगळ्यात पुढं. बोटं एकेकटी दाखवायची गरज नाही, एक करंगळीची बाजू आणि एक तर्जनीची बाजू स्पष्ट झाली की मूठ दिसते.

आणि दांडा तळहातातून आडवा काटकोनात जात नाही, तर्जनीच्या मुळापासून तळव्याच्या करंगळीकडच्या टाचेकडं तिरका जातो. म्हणून दांडा आणि कोपराखालचा हात यांच्यात काटकोन कधीच नीट बसत नाही. तो तिरका करा, बटाटा जाईल. दुसऱ्या हातात साखळीची मूठ असते, तिथंही तेच. फक्त साखळी ताणलेली असेल तर मनगट सरळ, ढिली असेल तर मनगट किंचित आत वळलेलं.

पाटीपेन्सिल
गुरुवार, रात्री ११:०५

दांडा तिरका केला. उजवी मूठ बसली. डावीत साखळी ताणलेली धरलीय, पण मनगट वाकलेलं काढलं होतं, ते सरळ करतोय.